शेताला दिलेली धुरी हवेतून किती लांब जाते, हे ठरवतात कसं?

किनाराकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही या उन्हाळ्यात वॉटसनविलला (कॅलिफोर्निया) राहायला आलो. मागच्या कुंपणापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे स्ट्रॉबेरीचं शेत. सध्या रोपं नाहीयेत, पण गेल्या आठवड्यात ट्रॅक्टर फिरवून अख्ख्या जमिनीवर प्लास्टिक अंथरलं आणि कडेने पाट्या ठोकल्या, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये 'आत येऊ नका', खाली क्लोरोपिक्रिन आणि १,३-डायक्लोरोप्रोपीन अशी नावं आणि बफर झोन असं लिहिलेलं. हा बफर झोन (शेताभोवती लोकांना मनाई असलेली पट्टी) आमच्या कुंपणाच्या थोडा आधी संपतो. म्हणजे रस्त्याच्या त्या बाजूला धोका आणि या बाजूला माझे टोमॅटो, ठीक आहे?? हे अंतर कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, कोणी खरंच येऊन मोजतं का? नेटवर शोधलं तर एक तर 'अजिबात काळजी नको' नाहीतर 'घर विकून पळा' असं दोनच प्रकारचं मिळतं. हवा-प्रदूषणात काम करणारं इथे कोणी असेल तर लिहा प्लीज, डिटेलमध्ये लिहिलंत तरी चालेल.

शंकासुर

आधी मला हे सांगा उघड्या शेताला धुरी कशाला देतात? आपल्याकडे धुरी म्हणजे गोडाऊनमध्ये सेल्फॉसच्या गोळ्या टाकायच्या, ताडपत्री ओढायची आणि दाराला कुलूप. ते बंद जागेत ठीक, शेताला कुठे दार असतं.

कांदेपोहे_फ्रेझ्नो

@शंकासुर, मी रोपवाटिकेत काम करते त्यामुळे एवढं सांगू शकते. स्ट्रॉबेरी एकाच जमिनीत वर्षानुवर्षं घेतली की मातीत व्हर्टिसिलियमसारख्या बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी साठत जातं. म्हणून लावणीच्या आधी मातीत वायू सोडायचा, ट्रॅक्टरच्या फाळांमागून नळ्यांनी फूट दीड फूट खाली, किंवा ठिबकच्या नळीतून, आणि लगेच वर प्लास्टिक. प्लास्टिक हेच दार.

पूर्वी मिथाइल ब्रोमाइड वापरायचे. ते ओझोनचा थर खातं म्हणून माँट्रियल करारात आलं, श्रीमंत देशांत २००५ पासून बंद ठरलं, पण इथल्या स्ट्रॉबेरीला 'अत्यावश्यक वापर' म्हणून दरवर्षी सूट मिळत मिळत ते २०१६ पर्यंत चाललं. मधे मिथाइल आयोडाइड आणलं, कॅलिफोर्नियाने २०१० च्या डिसेंबरमध्ये परवानगी दिली, शास्त्रज्ञांनी आणि मजुरांच्या संघटनांनी इतका विरोध केला की मार्च २०१२ मध्ये कंपनीनेच माल मागे घेतला. आता उरलं क्लोरोपिक्रिन, १,३-डी (पाटीवरचं १,३-डायक्लोरोप्रोपीन) आणि मेटाम. क्लोरोपिक्रिन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडायचे तोच वायू बरं का. आणि एवढं करूनही मिथाइल ब्रोमाइड गेल्यावर मॅक्रोफोमिना आणि फ्युजेरियम या दोन मर रोगांनी डोकं वर काढलंच. त्यामुळे 'धुरी बंद करा' म्हणणं सोपंय, शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा एकदा.

वाऱ्याचा_वाटाड्या

किनाराकर, माझं पोट या कामावर चालतं म्हणून लिहितो, लांबेल.

तुमच्या पाटीवरचं अंतर तुमच्या शेतात कोणी मोजलेलं नाही. ते तक्त्यातून आलंय. एकर किती, एकराला पौंड किती, कोणत्या पद्धतीने घातलं, हे घेऊन ईपीएच्या (अमेरिकेचं केंद्रीय पर्यावरण खातं) तक्त्यात बघायचं, फुटांत उत्तर येतं. त्यातून मग सूट वजा होते, प्लास्टिक जास्त घट्ट असेल तर सूट, मातीत चिकणमाती किंवा सेंद्रिय कर्ब जास्त असेल तर सूट, सगळी मिळून जास्तीत जास्त ८० टक्के. कमीत कमी अंतर २५ फूट, आणि उत्तर अर्ध्या मैलाच्या वर गेलं तर तशी धुरी द्यायचीच नाही. कॅलिफोर्नियात याच्यावर राज्याच्या आणि काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) आणखी अटी असतात.

तो तक्ता मॉडेलने, म्हणजे वाऱ्याबरोबर वायू किती पसरेल ते काढणाऱ्या संगणकी गणिताने केलाय. मॉडेलला दोन गोष्टी लागतात. एक वारा: वेग, दिशा, हवा किती घुसळतेय, हे हवामान केंद्राच्या पाच पाच वर्षांच्या तासातासाच्या नोंदींतून मिळतं, त्यात फार भांडण नाही. दुसरी म्हणजे फ्लक्स, जमिनीच्या एका चौरस मीटरमधून एका सेकंदाला किती मायक्रोग्रॅम वायू वर येतो तो आकडा. सगळं घोडं इथे अडतं. कारण फ्लक्स बघायला मीटर नाही, तो मागच्या दाराने काढावा लागतो.

एक पद्धत अशी की शेताच्या मधोमध मास्ट उभा करायचा आणि त्यावर घोट्यापासून डोक्यापर्यंत चार-पाच उंचींवर सॅम्पलर लावायचे. वायू जमिनीतून येतो म्हणून खाली जास्त, वर कमी. ती उतरण किती तीव्र आहे ते बघायचं, त्याच उंचींवर वारा आणि तापमान मोजायचं आणि गणित करून फ्लक्स काढायचा. रिव्हरसाइडच्या सरकारी प्रयोगशाळेत स्कॉट येट्स आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात मिथाइल ब्रोमाइडवर अशी मोजमापं केली. साध्या प्लास्टिकखाली उथळ घातलेल्यातलं साठ टक्क्यांच्या वर हवेत गेलं होतं, आणि दोन फुटांहून खोल घातलं तेव्हा वर प्लास्टिक नसूनही साधारण पाचवा हिस्साच गेला. म्हणजे प्लास्टिक दिसलं की निर्धास्त व्हावं असं काही नाही, किती खोल घातलं तेही तितकंच महत्त्वाचं.

दुसरी पद्धत जास्त चालते कारण स्वस्त आहे. शेताभोवती आठ किंवा जास्त खांब, प्रत्येकावर नाकाच्या उंचीला एक ट्यूब आणि छोटा पंप. ट्यूबमध्ये कोळसा किंवा एक्सएडी नावाचे राळेचे दाणे असतात, हवा त्यातून ओढली की वायू चिकटतो. दर सहा किंवा बारा तासांनी ट्यूब बदलायची, दिवसरात्र, चार-पाच दिवस. मग मॉडेलला खोटंच सांगायचं की फ्लक्स १ आहे. मॉडेल त्या दिवसांच्या वाऱ्यावर प्रत्येक खांबाशी किती यायला हवं ते सांगतं. मोजलेले आकडे आणि मॉडेलचे आकडे एकमेकांसमोर मांडून रेघ ओढायची, रेघेचा उतार म्हणजे खरा फ्लक्स.

ऐकायला छान वाटतं. पण नीट बघा, फ्लक्स काढायला जे मॉडेल वापरलं तेच मॉडेल पुढे बफर काढायलाही वापरणार. मॉडेलची खोड दोन्हीकडे तीच. कधी एकमेकांना छेदून जाते, कधी नाही.

शंकासुर

आणि ती रेघ जुळलीच नाही तर? वारा फिरला, एखादा खांब कोरडा गेला, असं होत असणारच की.

वाऱ्याचा_वाटाड्या

होतं, नेहमी होतं. तेव्हाची एक जुनी पळवाट ऐकून तुम्ही खवळाल. कॅलिफोर्नियाच्या कीटकनाशक खात्याच्या पद्धतीत असं होतं की जोड्या जुळत नसतील तर मोजलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, मॉडेलचेही तसेच लावा, आणि मग रेघ ओढा. म्हणजे कुठल्या खांबाशी काय आलं ते विसरायचं, सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात मोठ्या आकड्याला बांधायचा.

शंकासुर

ही तर सरळ सरळ सेटिंग झाली!! परीक्षेत मुलांचे मार्क आणि रोल नंबर वेगवेगळे सॉर्ट करून निकाल लावल्यासारखं.

वाऱ्याचा_वाटाड्या

ओरडणार हे माहीत होतं :) पण प्रश्न काय आहे ते बघा. वाऱ्याची दिशा दहा-पंधरा अंशांनी चुकली तरी वायूचा पट्टा एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकतो, पट्ट्याची ताकद मात्र तीच राहते. आपल्याला ताकद हवी आहे, कुठल्या खांबावर पडला ते नाही. एवढ्यापुरतं ते चालतं. त्रास तेव्हा होतो जेव्हा दिशा बरोबर असते आणि न जुळण्याचं कारण दुसरंच असतं, म्हणजे रात्री वारा पडलेला असतो, आणि सॉर्ट केल्यावर ते कारण गायब होतं. रेघ सुंदर येते, आर-स्क्वेअर (रेघ किती जुळली त्याचा आकडा) बघून साहेब खूश. मी तरी सॉर्ट न केलेला आलेख सोबत जोडल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही, यावरून ऑफिसात वाद झालेत.

फील्डवर हे कसं दिसतं तेही सांगतो. मध्यरात्रीनंतरची फेरी असते, डोक्याला दिवा, हातात ग्लोव्हज, धुक्याने पंपावर दव साचलेलं. ट्यूब काढायची, दोन्ही टोकांना टोपण, लेबल, लगेच ड्राय आइसच्या डब्यात. नवीन ट्यूबची टोकं फोडायची, बाण हवेच्या दिशेने आहे ना बघायचं, फ्लो मोजायचा. काढताना फ्लो किती होता तोही मोजून लिहायचा, कारण रात्रीत पंप मंदावला असेल तर किती लिटर हवा गेली तेच माहीत नाही, म्हणजे तो नमुना गेला. एक ट्यूब सगळ्यांबरोबर फिरते पण पंपाला लागतच नाही, तिच्यात काही सापडलं तर डबाच खराब आहे समजायचं. आणि दुरून बघणाऱ्याला वाटतं 'सॅम्पल घेतलं' म्हणजे बाटलीत हवा भरली.

किनाराकर

वाचतेय, धन्यवाद! रात्री वारा पडला की काय होतं ते जरा सांगाल का. कारण इथे समुद्राचं वारं दुपारी भणाणतं आणि संध्याकाळ झाली की पान हलत नाही.

वाऱ्याचा_वाटाड्या

हाच मुद्दा आहे. ढोबळ हिशेब करून दाखवतो, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या शेताचे नाहीत. दहा एकर, एकराला २०० पौंड क्लोरोपिक्रिन, म्हणजे एकूण सुमारे ९०७ किलो. समजा त्यातलं १० टक्के चार दिवसांत बाहेर आलं. सरासरी फ्लक्स येतो साधारण ६.५ मायक्रोग्रॅम दर चौरस मीटर दर सेकंद. शेताची बाजू २०० मीटर धरू.

दुपारी: वारा सेकंदाला ३ मीटर, शेताच्या पलीकडच्या कडेपर्यंत वायू १२ मीटर उंचीपर्यंत मिसळला. ६.५ गुणिले २००, भागिले ३ गुणिले १२. येतात ३६ मायक्रोग्रॅम दर घनमीटर, म्हणजे ५ पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत ५ भाग) आसपास.

रात्री: वारा १ मीटर, आणि जमीन थंड झाल्यामुळे हवेचा खालचा थर गार आणि वरचा उबदार, इन्व्हर्जन. वायू ५ मीटरच्या वर चढतच नाही. तेच गणित, २६० मायक्रोग्रॅम, ३९ पीपीबी. फ्लक्स एक कणही बदलला नाही आणि हवेतलं प्रमाण सातपट झालं.

ईपीएने बफरसाठी धरलेली पातळी ७३ पीपीबी आहे, ती माणसांवर घेतलेल्या डोळे चुरचुरण्याच्या चाचणीतून आली. माझा हिशेब सरासरी फ्लक्सचा आहे. प्रत्यक्षात फ्लक्स एकसारखा नसतो, उन्हाने माती तापली की वाढतो, पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. तो चढता आणि वारा पडलेला असं एका वेळी जुळून आलं की ७३ फार लांब नाही. ते जुळण्याची वेळ म्हणजे संध्याकाळ, माती अजून तापलेली आणि वारा नुकताच पडलेला.

आता मॉडेल काय करतं? जुनं आयएससीएसटी-३, ज्यावर परफम नावाचं बफर काढायचं मॉडेल पहिल्यांदा उभं केलं, ते शांत वाऱ्याचा तास आला की तो तास हिशेबातूनच काढून टाकायचं, आणि १ मीटरपेक्षा कमी वेग आला तर १ धरायचं. कारण गणितात वारा भाजकात आहे, शून्याने भागता येत नाही. म्हणजे नेमके जे तास वाईट तेच रद्द. ईपीएने २००५ मध्ये त्याच्या जागी एअरमॉड आणलं, परफमची नवी आवृत्तीही त्यावर आहे, रात्रीच्या हवेचं गणित त्यात बरंच सुधारलं, पण अगदी पडलेल्या वाऱ्यात वायू कुठेही लोळतो, उताराने ओढ्यात उतरतो, ते सरळ रेषेत वारा धरणाऱ्या कुठल्याच मॉडेलला नीट जमत नाही. वारा वाहता असेल तर मला मॉडेलवर विश्वास आहे, कोणाशीही भांडायला तयार आहे. पडलेल्या वाऱ्याच्या रात्री पाटीवरच्या फुटांपेक्षा हवामानाचा अंदाज जास्त उपयोगी. औषधाच्या लेबलवरही तसंच लिहिलंय, ताशी दोन मैलांहून कमी वारा सलग १८ तासांहून जास्त राहण्याचा अंदाज असेल किंवा हवा साचल्याचा सरकारी इशारा असेल तर कामच सुरू करायचं नाही.

धुळ्याचा_धनंजय

यवतमाळ २०१७ आठवलं. फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे कोणता तक्ता होता?

वाऱ्याचा_वाटाड्या

तो विषय भयंकरच आहे पण प्रकार वेगळा. तिथे द्रवाचे थेंब होते, अंगावर, नाकातोंडात, फवारणाऱ्याच्याच. थेंब जड असतात, बहुतेक जवळच पडतात. इथे वायू आहे, तो पडत नाही, आणि काम संपून ट्रॅक्टर घरी गेल्यावर दोन-चार दिवस येत राहतो. त्या वेळी शेतात कोणी नसतं, शेजारी मात्र असतात.

आजी_विसेलिया

मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून लिहिते. अर्लीमार्ट नावाचं गाव आहे आमच्या टुलारी काउंटीत, शेतमजुरांचं. १३ नोव्हेंबर १९९९ ला जवळच्या शेतात मेटाम सोडियम स्प्रिंकलरने दिलं होतं. मेटाम मातीत गेलं की त्याचा एमआयटीसी नावाचा वायू होतो. तो संध्याकाळी गावावर आला, दीडशेच्या वर लोकांना त्रास झाला, उलट्या, श्वास लागणं, डोळ्यांची आग. आणि मदतीला आलेल्यांनी काय केलं तर लोकांना उघड्यावर कपडे काढायला लावून पाण्याच्या पाइपने धुतलं. बायामाणसांना. नोव्हेंबरात. त्यानंतर तिथल्या बायकाच उभ्या राहिल्या आणि २००४ मध्ये कायदा झाला की असा वायू गावात आला तर औषधपाण्याचा खर्च ज्याने धुरी दिली त्याच्याकडून घ्यायचा. मॉडेल वगैरे तुमचं चालू द्या, पण हेही धाग्यावर असू द्या.

वाऱ्याचा_वाटाड्या

आजी, बरं झालं लिहिलंत. बघा, इथेही संध्याकाळच. आणि स्प्रिंकलर म्हणजे मेटामचं पाणी थेट हवेतून जातं, वर प्लास्टिकही नाही.

खट्याळ_खार

आमच्याकडे घरी एअर क्वालिटीचा डबा आहे, शेजाऱ्यांकडे पर्पलएअर आहे. किनाराकरने तो कुंपणाला टांगला तर? सोपं नाही का

वाऱ्याचा_वाटाड्या

पर्पलएअर धुळीचे कण मोजतो, वायू त्याला दिसतच नाही. धुरीच्या रात्री तो हिरवागार असेल आणि तुम्ही डोळे चोळत असाल. घरातल्या डब्यात टीव्हीओसीचा (हवेतल्या सगळ्या सेंद्रिय वायूंची एकत्र बेरीज) सेन्सर असतो तो सगळ्याच वासांना भुलतो, फोडणी टाकली की लाल. १,३-डीचे १० पीपीबी आणि तुमच्या जिऱ्यामोहरीत तो फरक करू शकत नाही.

सामान्य माणसांनी मोजलंय, पण नीट पद्धतीने. पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्क या संस्थेने 'ड्रिफ्ट कॅचर' म्हणून एक संच केला, वर सांगितलं तेच, पंप आणि राळेची ट्यूब, फक्त प्रशिक्षण देऊन गावकऱ्यांच्या हातात दिला. ट्यूब लॅबमध्येच जाते.

गंमत म्हणजे क्लोरोपिक्रिनसाठी नियमांत अधिकृत मीटर कोणता धरलाय माहितीये? माणसाचे डोळे. बफरजवळ घरं असतील तर धुरी देणाऱ्याने एक तर शेजाऱ्यांना आधी माहिती द्यायची, नाहीतर प्रशिक्षित माणूस बफर आणि घरांच्या मधे ठरावीक वेळी फिरवायचा, त्यात सूर्यास्ताची, रात्रीची आणि पहाटेची वेळ येते. त्याचे डोळे चुरचुरले की आणीबाणीची योजना चालू. हे मला मागास वाटत नाही, क्लोरोपिक्रिन स्वतःची वर्दी देतं. १,३-डीचं तसं नाही. त्रास होईल इतका वास येत नाही आणि प्रश्न आजच्या चुरचुरीचा नसून वर्षानुवर्षांच्या सरासरीचा, कॅन्सरचा आहे.

शंकासुर

म्हणजे पाटी एक आणि प्रश्न दोन. मग १,३-डीचं अंतर कुठल्या हिशेबाने?

वाऱ्याचा_वाटाड्या

अगदी. आणि दोन्ही प्रश्नांना वेगवेगळं मोजमाप लागतं. १९९० मध्ये मर्सेड काउंटीत हवा तपासली तेव्हा १,३-डी इतकं निघालं की राज्याने ते बंदच केलं. १९९५ ला परत आलं ते कोट्यावर. सहा मैल गुणिले सहा मैलांचा एक चौकोन, टाउनशिप म्हणतात, त्यात वर्षाला ९०,२५० पौंड. हे पौंड साधे नाहीत, हिवाळ्यात किंवा उथळ दिलं तर प्रत्येक पौंड एकापेक्षा जास्त धरायचा. २०१७ मध्ये तो आकडा १,३६,००० केला. म्हणजे चौकोनाची सरासरी सांभाळायची. पण चौकोनातले सगळे पौंड तुमच्याच कुंपणापाशी पडले तर? सरासरी ठीक, तुमचं नाही. २०११ पासून राज्याचं हवा-मोजणीचं जाळं आहे, शेतीच्या गावांत ठरावीक जागी स्टीलच्या डब्यात २४ तासांची हवा भरून घेतात, आठवड्यातून एक दिवस. धुरी मंगळवारी दिली आणि डबा शुक्रवारी उघडला तर काय सापडणार? तरी कधीतरी दिवस जुळतो आणि मोठा आकडा येतो, मग धावपळ.

१ जानेवारी २०२४ पासून नवे नियम आले, आता तीन दिवसांच्या ५५ पीपीबी आणि आयुष्यभराच्या ०.५६ पीपीबी अशा दोन पातळ्या धरून शेतापासून अंतर, घट्ट प्लास्टिक किंवा खोल घालणं, हे सगळं ठरतं. त्यावरही वाद आहे, आरोग्याचा धोका ठरवणाऱ्या राज्याच्याच दुसऱ्या खात्याचा हिशेब ०.०४ पीपीबी म्हणतो. एकाच सरकारची दोन खाती आणि आकड्यांत चौदापट फरक. एक म्हणतं रोज ७० वर्षं श्वास घेतला तर, दुसरंही तेच म्हणतं, फरक कुठल्या उंदरांचा कुठला डेटा धरला आणि श्वासातून आत गेलेलं शरीरात पसरतं असं मानलं की नाही यात आहे. मॉडेलवाल्यांना यात शिव्या पडतात, पण हे आमच्या हातात नाही.

कांदेपोहे_फ्रेझ्नो

वाटाड्या, एक ॲड करते. ते घट्ट प्लास्टिक, टीआयएफ, त्याने वायू खरंच कोंडला जातो, शेतकऱ्याला कमी औषधात काम भागतं. पण लावणीसाठी ते कापलं की कोंडलेलं एकदम बाहेर येतं. आमच्याकडे कापायच्या दिवशी सगळ्यांना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने चालायला सांगतात, आणि घाईत नेमकं तेच विसरतात. आणि पर्याय अगदीच नाहीत असं नाही, भाताचा कोंडा एकरी कित्येक टन घालून, पाणी भरून, प्लास्टिकखाली माती आंबवतात, काही ठिकाणी चांगलं चालतं. खर्च आणि कोंडा दोन्ही परवडत नाही हा भाग वेगळा.

वाऱ्याचा_वाटाड्या

बरोबर. म्हणून कापण्याच्या दिवशी वेगळी मोजणी करायची असते, बऱ्याच जुन्या अभ्यासांत तोपर्यंत खांब उचलून नेलेले असायचे.

किनाराकर

डोकं गरगरलं पण कळलं. आता व्यावहारिक सांगा, मी काय करू? शाळाही जवळ आहे.

वाऱ्याचा_वाटाड्या

शाळेचं: २०१८ पासून शाळेपासून पाव मैलात सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ धुरी देता येत नाही. तुमचं: स्प्रेडेज कॅलिफोर्निया म्हणून सरकारी साइट आहे, २०२५ मध्ये सुरू झाली, पत्ता टाकला की आजूबाजूला काय होणार आहे ते आधी कळवते. धुरीच्या पुढच्या दोन रात्री सूर्यास्ताच्या आधी खिडक्या लावा. डोळे चुरचुरले तर घरात बसून नेटवर शोधू नका, वाऱ्याला आडवं निघा, म्हणजे पट्ट्यातून बाहेर पडाल. मग काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या ऑफिसला फोन. वेळ लिहा, वारा कुठून होता ते लिहा, झाडाचं पान, धूर, झेंडा काहीही बघून. तक्रार वेळ आणि वाऱ्यासकट असेल तर आमच्यासारखा माणूस नंतर मॉडेल उलटं चालवून बघू शकतो की तो वायू खरंच त्या शेतातून आला का. नुसतं 'रात्री वास आला' असेल तर फाइल बंद होते.

मावळी_गुलाब

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा. आमचं तळेगावला पॉलिहाऊस आहे, जरबेरा. नवीन लावणीच्या आधी बेड फॉर्मॅलिनने भिजवून आठवडाभर प्लास्टिकखाली ठेवतो, मग पाणी सोडून धुवून काढतो. प्लास्टिक काढताना पोरांच्या डोळ्यातून पाणी येतं, सगळे म्हणतात होतंच तसं. शेजारी दोन घरं आहेत. आमच्याकडे कुठला तक्ता नाही नि पाटी नाही. वाटाड्या दादा, हे मोजता येईल का कमी खर्चात?

वाऱ्याचा_वाटाड्या

येईल, आणि तुझं काम किनाराकरांपेक्षा सोपंय कारण फॉर्मल्डिहाइडला रंग बदलणाऱ्या डिटेक्टर ट्यूब मिळतात, हातपंपाने हवा ओढायची आणि किती लांबीपर्यंत रंग चढला ते वाचायचं, लॅब लागत नाही. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग) आणि पंधरा मिनिटांची २ पीपीएम आहे, त्या पट्ट्यातली ट्यूब घे. डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे तू बहुतेक त्याच्या आसपास आहेसच.

पोरांना साधा कापडी मास्क देऊ नको, वायूला तो काही करत नाही, फॉर्मल्डिहाइडचं काडतूस असलेला मास्क आणि बंद गॉगल. आणि प्लास्टिक सकाळी लवकर काढू नको.

मावळी_गुलाब

सकाळीच काढतो आम्ही, ऊन व्हायच्या आत. ट्यूब कुठे कुठे धरू?

वाऱ्याचा_वाटाड्या

दहा-अकराला काढ, वारा सुटल्यावर, बाजूचे पडदे अर्धा तास आधी वर करून. एक ट्यूब बेडजवळ काम करणाऱ्याच्या नाकाच्या उंचीला, प्लास्टिक उचलतानाच. एक अर्ध्या तासाने त्याच जागी. एक बाहेर, वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूच्या घराच्या कुंपणाशी. आणि एक वाऱ्याच्या उलट्या बाजूला, तिथे शून्य यायला हवं. तिथेही रंग चढला तर आधी फॉर्मॅलिनचे कॅन कुठे ठेवलेत ते बघ. आकडे इथेच टाक, मी हिशेब करून देतो.